दहा बाय बाराच्या खोलीला फरश्या किती?

घरात नवी फरशी बसवायची ठरली की पहिला प्रश्न निघतो तो भावाचा. चौरस फुटाला किती? मग फ्लॅटच्या करारनाम्यातला आकडा आठवतो. समजा ६०० चौरस फूट कार्पेट आहे आणि दुकानदाराने ६० रुपये भाव सांगितला. गुणाकार केला, ३६,००० रुपये आले, मजुरीचे वेगळे धरले आणि बजेट ठरलं. काम संपेपर्यंत हे बजेट हमखास तोकडं पडतं आणि मग दोष दुकानदाराला किंवा मिस्त्रीला दिला जातो. खरी चूक त्याआधीच झालेली असते. फरशीचा भाव चौरस फुटात सांगतात, पण ती विकत मिळते पेटीने. बसवताना ती तुकड्या-तुकड्यांनी कापली जाते, भिंतीच्या कडेला स्कर्टिंग म्हणून लांबीने लागते आणि तिच्याखालचा सिमेंट-वाळूचा थर घनफुटात मोजावा लागतो. या चार मापांचं काम क्षेत्रफळाच्या एका आकड्यावर भागवायला गेलं की हिशोब कोलमडतो. क्षेत्रफळ काढायलाच हवं, पण ते खोलीगणिक, पृष्ठभागागणिक आणि फरशी कशी बसणार याची आखणी समोर ठेवून. वही, पट्टी आणि मीटरपट्टी एवढ्या साहित्यावर एका रविवारी होणारं हे काम आहे.

सुरुवात करारनाम्यातल्या त्या आकड्यापासूनच करू. घरखरेदीच्या व्यवहारांवरचा रेरा कायदा २०१६ चा. त्यातल्या व्याख्येनुसार कार्पेट एरियात घराच्या बाहेरच्या भिंतींची जाडी, पाइपांच्या डक्टची जागा, बाल्कनी आणि खासगी गच्ची येत नाही. घराच्या आतल्या भिंतींखालची जागा मात्र येते. घराची किंमत ठरवताना सगळ्यांना एकाच मापाने मोजता यावं म्हणून ही व्याख्या केली आहे आणि त्या कामाला ती चांगली आहे. फरशीच्या कामाला ती दोन्हीकडून चुकते. आतल्या भिंतींखाली फरशी बसत नाही, तरी ती जागा मोजलेली असते. बाल्कनीत फरशी बसते, तरी ती मोजलेली नसते. शिवाय हे माप जमिनीचं आहे आणि घरात टाइल भिंतींवरही लागते. तेव्हा करारनामा कपाटात राहू द्या, मोजमाप घरातच करा.

भिंतींवरच्या टाइलचा हिशोब किती मोठा असतो, ते त्याच ६०० चौरस फुटांच्या दोन बेडरूमच्या घरावरून पाहा. आतल्या भिंती साधारण ६० फूट लांब आणि अर्धा फूट जाड धरल्या तर ३० चौरस फूट वजा झाले. दोन बाथरूम प्रत्येकी ४ बाय ७ फुटांची, म्हणजे ५६ फूट. तिथली टाइल वेगळी आणि न घसरणारी घ्यायची, म्हणून तीही बाजूला काढू. उरले ५१४. त्यात ४० फुटांची बाल्कनी मिळवली की मुख्य फरशी झाली ५५४ चौरस फूट. आता बाथरूमच्या भिंती. ४ बाय ७ च्या बाथरूमचा घेर २२ फूट. सात फूट उंचीपर्यंत टाइल लावायची तर १५४ चौरस फूट, त्यातून अडीच फुटी दाराचे साडेसतरा गेले, राहिले एकशे साडेछत्तीस. म्हणजे जमीन २८ फूट आणि भिंती १३६ फूट, जवळजवळ पाचपट! दोन बाथरूमच्या भिंती मिळून २७३. स्वयंपाकघरात ओट्यावर १६ फूट लांब आणि दोन फूट उंच डॅडो, म्हणजे भिंतीवरची टाइल, ३२. घरभर स्कर्टिंग समजा १७० फूट लांब आणि चार इंच उंच, म्हणजे ५७. आता बेरीज करा: ५५४, ५६, २७३, ३२ आणि ५७ मिळून ९७२ चौरस फूट. अजून एकही तुकडा वाया गेलेला नाही, तरी ६०० च्या घराला हजाराच्या आसपास टाइल लागते हे दिसतं. तुमच्या घराचे आकडे वेगळे येतील. पण बाथरूम म्हणजे छोटं काम, ही समजूत मोजमाप हातात आल्यावर टिकत नाही.

मोजताना दोन गोष्टी सांभाळा. पहिली म्हणजे माप मिलिमीटरमध्ये घ्या, फुटांत नको. याचं कारण पुढे येतंच आहे. दुसरी म्हणजे प्रत्येक खोलीची लांबी आणि रुंदी तीन-तीन ठिकाणी घ्या आणि दोन्ही कर्णही मोजा. गिलावा झालेल्या भिंती क्वचितच सरळ असतात. १० बाय १२ फुटांची खोली काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण ४ मीटर ७६ सेंटिमीटरच्या आसपास सारखे भरायला हवेत. त्यांत दोन-तीन सेंटिमीटरचा फरक निघाला तर खोली तिरकी आहे. अशा खोलीत कडेच्या ओळीतला प्रत्येक तुकडा एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळता कापावा लागेल. मिस्त्रीचा काटकोन तपासायचा गुण्या हे पहिल्याच दिवशी दाखवून देतो, पण तोवर माल आलेला असतो. इंग्रजी एल आकाराची खोली असेल तर तिचे दोन आयत पाडून वेगवेगळे मोजा आणि दाराच्या चौकटीच्या पोटातली जागा त्यात धरायला विसरू नका. उंबऱ्याला ग्रॅनाइटची पट्टी बसवणार असाल तर ती लांबीने मोजून वेगळी लिहा.

आता माप मिलिमीटरमध्ये का, ते पाहू. दुकानात जिला ‘दोन बाय दोन’ म्हणतात ती फरशी दोन फुटांची नसते. ती ६०० मिलिमीटरची असते आणि दोन फूट म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. प्रत्येक फरशीमागे जवळपास एक सेंटिमीटर कमी पडतो. कागदावर १० बाय १२ फुटांच्या खोलीला या फरश्या अगदी नेमक्या बसतात: रुंदीत पाच, लांबीत सहा, एकूण तीस, कापायची गरजच नाही. प्रत्यक्षात ही खोली ३०४८ बाय ३६५८ मिलिमीटरची आहे. रुंदीत पाच फरश्या आणि दोन-दोन मिलिमीटरचे सांधे लावले की ३०१० झाले, ३८ मिलिमीटर उघडे राहिले. लांबीत सहा फरश्या लावल्या की ४६ मिलिमीटर उरले. म्हणजे दोन भिंतींच्या कडेने जेमतेम चार सेंटिमीटरची चिंधीसारखी पट्टी बसवावी लागणार. अशी पट्टी कापताना व्हिट्रिफाइड फरशी फुटते, दिसायला ती वाईट दिसते आणि पायाखाली आधी तीच सुटते.

यावर चांगला मिस्त्री काय करतो? तो खोलीच्या मध्यातून दोरी धरतो आणि एक पूर्ण ओळ कमी करून दोन्ही बाजूंना सारखे, अर्ध्याहून मोठे तुकडे येतील अशी आखणी करतो. आपल्या खोलीत रुंदीत चार पूर्ण फरश्या आणि दोन्हीकडे ३१९ मिलिमीटरचे तुकडे, लांबीत पाच पूर्ण आणि दोन्हीकडे ३२३ चे तुकडे. खोली देखणी दिसते. पण ६०० च्या फरशीतून ३१९ चा तुकडा काढला की खाली उरतो तो साधारण २७८ चा, त्यातून दुसरा तुकडा निघत नाही. म्हणजे कडेच्या प्रत्येक तुकड्याला एक स्वतंत्र फरशी. हिशोब असा होतो: मधल्या पूर्ण फरश्या २०, दोन बाजूंच्या १०, उरलेल्या दोन बाजूंच्या ८ आणि चार कोपऱ्यांच्या ४, एकूण ४२. क्षेत्रफळाला फरशीच्या क्षेत्रफळाने भागलं असतं तर ३१ आल्या असत्या. अकरा फरश्यांचा फरक, पस्तीस टक्क्यांचा! आकडा धक्कादायक वाटतो, पण इथे थांबू नका, कारण कापून उरलेले अठरा मोठे तुकडे टाकाऊ नाहीत. २७८ मिलिमीटरच्या प्रत्येक तुकड्यातून स्कर्टिंगच्या शंभर मिलिमीटरच्या दोन पट्ट्या निघतात, म्हणजे ३६ पट्ट्या. खोलीचा घेर दार वगळून साडेबारा मीटर. त्याला २१ पट्ट्या लागतात. १५ पट्ट्या पुढच्या खोलीसाठी शिलकीत राहिल्या. यातल्या निम्म्या पट्ट्यांना दोन्ही बाजूंनी कापलेली कड असते. त्यांची वरची कड घासून गुळगुळीत करावी लागते, हे मिस्त्रीशी आधी बोलून घ्या.

आता दुसऱ्या पद्धतीचाही पूर्ण हिशोब करू, म्हणजे तुलना न्याय्य होईल. चार सेंटिमीटरची पट्टी पत्करली तर ३० पूर्ण फरश्या, पट्ट्यांसाठी दोन आणि स्कर्टिंगसाठी पाच, कारण करवतीच्या पात्याची जाडी जाता ६०० च्या फरशीतून शंभरच्या पाचच पूर्ण पट्ट्या मिळतात. एकूण ३७. पेटीत चार फरश्या येतात, म्हणजे या पद्धतीने दहा पेट्या आणि मध्यातून आखलेल्या पद्धतीने अकरा. पस्तीस टक्के वाटणारा फरक शेवटी एका पेटीवर आला आणि त्या पेटीतलं बरंच शिलकी स्कर्टिंग पुढच्या खोलीत उपयोगी पडणार आहे. भिंतभर कपाट येणाऱ्या बेडरूममध्ये पट्टी कपाटाखाली लपवणं हा शहाणपणाचाच निर्णय ठरू शकतो. हॉलमध्ये तसं करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. निर्णय कोणताही घ्या, तो माल मागवण्याआधी घ्या. आखणी ठरल्याशिवाय संख्या ठरत नाही आणि संख्या ठरल्याशिवाय बजेटला अर्थ नाही.

एवढी डोकेफोड कशाला, दहा टक्के जास्त घ्या की झालं, असं बहुतेक दुकानांत सांगतात. हा सल्ला वाईट हेतूने दिलेला नसतो. मोठ्या हॉलमध्ये, जिथे कडेच्या मानाने मधला भाग खूप मोठा असतो, तिथे तो बऱ्याचदा लागूही पडतो. पण आपल्या खोलीवर लावून पाहा. जमीन ३१ आणि स्कर्टिंगच्या साडेतीन, मिळून साडेचौतीस. दहा टक्के मिळवले की ३८, म्हणजे दहा पेट्या, ४० फरश्या. मध्यातून आखणी करायची तर दोन फरश्या कमी पडतात आणि त्या शेवटच्या ओळीत, शेवटच्या दिवशी कमी पडतात. मोबाइलवरच्या गणकयंत्रांचंही तेच. ती क्षेत्रफळाला क्षेत्रफळाने भागतात आणि टक्केवारी चढवतात. खोलीची रुंदी फरशीच्या मापाने भागल्यावर किती उरतं, हे त्यातली बहुतेक विचारत नाहीत. वाया जाणारा माल ठरतो तो या उरलेल्या मापावर, म्हणून एकच टक्का सगळ्या खोल्यांना चालत नाही. फरशी तिरकी, चौकटीच्या नक्षीत बसवायची असेल तर चारही कडांना त्रिकोणी तुकडे येतात आणि दहा-पंधरा टक्के सहज जातात. फुटतूट हा आणखी वेगळा विषय आहे. तिच्यासाठी प्रत्येक मापाची एक पेटी जादा धरा, पण कापाकापीत जाणाऱ्या मालात ती मिसळू नका.

आखणी हाताशी असली की फरशीचं माप निवडणंही सोपं होतं आणि इथे पैसे वाचण्याची खरी संधी असते. त्याच खोलीत ८०० बाय ८०० मिलिमीटरची फरशी लावून पाहू. रुंदीत तीन पूर्ण आणि एक ६४२ चा तुकडा, लांबीत चार पूर्ण आणि एक ४५० चा तुकडा. एकूण २० फरश्या. कडेचे तुकडे अर्ध्याहून मोठे, म्हणून डोळ्यांना खटकत नाहीत. उरलेल्या तुकड्यांतून ८०० लांबीच्या सोळा पट्ट्या निघतात, म्हणजे १२ मीटर ८० सेंटिमीटर. स्कर्टिंगची गरज जेमतेम भागली. या मापाच्या पेटीत बहुधा तीन फरश्या येतात, म्हणजे सात पेट्या. चौरस फुटांत सांगायचं तर मोठ्या फरशीचे सुमारे १४५ फूट विकत घ्यावे लागले आणि लहान फरशीचे, अकरा पेट्या धरून, साधारण १७०. म्हणजे लहान फरशी ६० रुपयांनी आणि मोठी ७० रुपयांनी मिळत असेल तरी या खोलीत दोन्हींचा खर्च दहा हजारांच्या आसपास सारखाच येतो. मोठी फरशी नेहमीच स्वस्त पडते असा याचा अर्थ नाही. ११ बाय १३ च्या खोलीत उत्तर उलटंही येईल. चौरस फुटाचा भाव दोन फरश्यांची तुलना करायला पुरत नाही, एवढं मात्र यावरून पक्कं होतं. तुलना खोलीमागच्या खर्चाची करा.

दुकानात गेल्यावर एक प्रश्न न चुकता विचारा: पेटीत किती चौरस फूट धरता? ६०० च्या चार फरश्यांची पेटी १.४४ चौरस मीटरची असते, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट. काही ठिकाणी ‘दोन बाय दोनच्या चार’ म्हणून तिचे सोळा फूट लावतात. पेटीमागे अर्धा फूट, सुमारे तीन टक्के, तुम्ही न घेतलेल्या मालाचे पैसे देता. हजार फुटांच्या खरेदीत हे तीस फूट होतात. सरळ मार्ग असा की भाव पेटीचा मागावा, जीएसटी धरून. टाइल्सवर १८ टक्के जीएसटी आहे. तो शेवटी बिलात चढला तर लाखाच्या मालाला अठरा हजार वाढतात आणि सगळ्यात मोठं भगदाड तिथेच पडतं. माल गुजरातमधल्या मोरबीहून आलेला असो की आणखी कुठून, पेटीवर माप, नगसंख्या आणि चौरस मीटर छापलेलं असतं. तेच वाचा, तेच वहीत लिहा. आणि कोणत्या पेटीचा भाव आहे ते नीट पाहा: नमुन्याला मांडलेली फरशी पहिल्या प्रतीची आणि दिलेला भाव दुसऱ्या प्रतीचा, असा घोळ होऊ नये.

आता फरशीखाली चला, कारण तिथला खर्च कुणाच्याच यादीत नसतो. सिमेंट-वाळूच्या थरावर फरशी बसवायची असेल तर तो थर साधारण दीड ते दोन इंचांचा असतो. आपल्याकडे वाळू ब्रासने मिळते आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. दोन इंच म्हणजे फुटाचा सहावा हिस्सा, म्हणून ६०० चौरस फुटांवर दोन इंचांचा थर म्हणजे बरोबर १०० घनफूट, एक ब्रास. हे लक्षात ठेवायला सोपं आहे. पण हा झाला बसलेला थर. कोरड्या मालाचं आकारमान त्याच्या सुमारे १.३ पट लागतं. एकास सहा प्रमाणात तो केला तर सिमेंटच्या साधारण १५ पिशव्या आणि वाळू सव्वा ब्रासच्या थोडी आत. फरशीच्या पाठीला लावायची स्लरी वेगळी. इथे मुद्दा असा आहे की क्षेत्रफळ तेच राहिलं तरी जाडी बदलली की खर्च बदलतो. स्लॅब एका बाजूला खाली असेल आणि थराची सरासरी दोन इंचांवरून तीनवर गेली तर सिमेंट आणि वाळू दोन्ही दीडपट होतात. म्हणून फरशी मोजण्याआधी लेव्हल मोजा. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन मिस्त्री प्रत्येक भिंतीवर एकच पातळी आखून देतो. त्या रेघेपासून जमिनीपर्यंतचं अंतर आठ-दहा ठिकाणी घेतलं की खरी जाडी कळते. वजनाचाही विचार करा. दोन इंचांचा थर चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास भरतो, तीन इंचांचा दीडशेच्या. जुन्या इमारतीत हा भार वाढवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारणं टाळू नका.

व्हिट्रिफाइड फरशीबाबत आणखी एक गोष्ट. ती पाणी जवळजवळ शोषत नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. दिसायला हा गुण असला तरी नुसत्या सिमेंटच्या स्लरीला तिच्या पाठीवर पकड मिळत नाही आणि काही वर्षांनी ठोकून पाहिलं की पोकळ आवाज येतो. म्हणून टाइल ॲडेसिव्हचा खर्च धरा, भिंतीवरच्या मोठ्या टाइलला तर नक्कीच. ॲडेसिव्हच्या पिशवीवर किती जाडीला किती चौरस फूट होतात ते छापलेलं असतं. तो आकडा तीन मिलिमीटरसारख्या पातळ थराचा असतो. खाली सपाटी नसेल तर तो अर्ध्यावर येतो. इथेही क्षेत्रफळाआधी जाडी ठरते.

मग जुन्या फरशीवरच नवी फरशी का बसवू नये? तोडफोड वाचते, राडारोडा वाचतो, खालच्या मजल्यावरच्यांचा त्रासही वाचतो. हा आक्षेप खरोखर वजनदार आहे आणि त्याला आकड्यांनीच उत्तर द्यायला हवं. जुनी फरशी आणि तिच्याखालचा थर मिळून अडीच इंच उखडायचे झाले तर ६०० फुटांतून १२५ घनफूट माल निघतो आणि फुटून तो दीडपट फुगतो, म्हणजे जवळपास दोन ब्रास राडारोडा. तो गोण्यांत भरून खाली उतरवणं, टेम्पोने नेऊन परवानगीच्या जागी टाकणं, वर नवा थर घालणं, हा सगळा खर्च वाचतो. जुनी फरशी घट्ट असेल, ठोकल्यावर पोकळ वाजत नसेल, तर हॉल आणि बेडरूमसाठी हा मार्ग रास्त आहे. त्याची किंमत वेगळीकडे मोजावी लागते. जमीन दीड सेंटिमीटरच्या आसपास वर येते, म्हणून सगळी दारं खालून कापावी लागतात. मुख्य दाराशी आणि बाल्कनीशी पायरी तयार होते, स्लायडिंग खिडकीचा खालचा चॅनेल फरशीच्या पातळीला येऊ शकतो. स्लॅबवर चौरस मीटरला पंचवीसेक किलो भार वाढतो. बाथरूममध्ये मात्र हा मार्ग नको. तिथे जाळीकडे ढाळ हवा, उंबऱ्याच्या आत पाणी राहायला हवं आणि खालचं वॉटरप्रूफिंग जुनं झालेलं असेल तर वर कितीही चांगली टाइल लावली तरी गळती खालच्या घरात उतरतेच. बाथरूमचं बजेट तोडफोड आणि वॉटरप्रूफिंग धरूनच करा, आणि वॉटरप्रूफिंगच्या क्षेत्रफळात जमिनीसोबत भिंतींचा खालचा एक-दीड फूटही मोजा.

मजुरी ठरवताना मिस्त्रीला घराचं क्षेत्रफळ सांगून एकच दर मागू नका. जमिनीचा दर चौरस फुटाला, स्कर्टिंगचा रनिंग फुटाला, बाथरूमच्या भिंतींचा वेगळा, उंबरे आणि खिडकीच्या कडा नगाने किंवा लांबीने, असे दर सुटे घ्या आणि आपल्या वहीतल्या मापांना लावा. मोजमाप काम झाल्यावर प्रत्यक्ष जागेवर करायचं, हेही आधी बोला. स्कर्टिंग मजुरीत धरलं आहे की नाही, यावरून जितकी भांडणं होतात तितकी दुसऱ्या कशावरून होत नाहीत. हमाली, लिफ्टमधून माल चढवायची सोसायटीची परवानगी आणि अनामत, ग्राउट, शेवटची ॲसिडची किंवा साबणाची धुलाई, या बारीक ओळी एका पानावर आल्या की त्यांची बेरीज बारीक राहत नाही.

कोटा, शहाबादी किंवा संगमरवर घेणार असाल तर हिशोबाची रीत थोडी बदलते. दगडाच्या लाद्या एकसारख्या मापाच्या नसतात, कडा जागेवर सरळ कराव्या लागतात आणि कोटा-संगमरवराची घसाई व पॉलिश बसवल्यानंतर होते. तिचा दर पुन्हा चौरस फुटाला असतो आणि तो फरशीच्या भावाच्या बरोबरीने तुलनेत धरायला हवा. स्वस्त दिसणारा दगड इथे महाग पडू शकतो. उलट वीस वर्षांनी त्यालाच पुन्हा पॉलिश करता येतं. ते व्हिट्रिफाइडच्या नशिबी नाही.

माल मागवताना सगळ्या खोल्यांची संख्या एकत्र करून एकदाच मागवा, कारण एका लॉटच्या फरशीची छटा दुसऱ्या लॉटशी तंतोतंत जुळेलच असं नाही. शेवटच्या सहा फरश्यांसाठी महिन्याभराने गेलात तर तोच नंबर मिळेल, तीच छटा मिळेल याची खात्री नाही. उतरवून घेताना प्रत्येक पेटीवरचा लॉट आणि छटेचा क्रमांक एक आहे ना, ते पाहा आणि तो बिलावर लिहून घ्या. न उघडलेल्या पेट्या किती दिवसांत परत घेणार, हेही त्याच बिलावर यायला हवं. एवढं झालं की जादा मागवायची भीती राहत नाही. परत करताना सगळ्याच पेट्या देऊ नका. जमिनीची एक पेटी आणि प्रत्येक बाथरूमच्या चार-पाच टाइल्स माळ्यावर उभ्या ठेवा, त्यांच्यासोबत आखणीच्या कागदाची प्रत आणि बिल. कधीतरी भिंतीतला नळ गळेल, प्लंबरला दोन टाइल्स फोडाव्या लागतील आणि तोवर ती छटा बाजारातून गेलेली असेल.